कम्प्रेशनचा दीडशेचा नियम पुण्यात चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या वाहन पुरवणीत मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या देखभालीवर लेख आला आहे. टर्बो, इंजिन ऑइल आणि ब्रेक यांबद्दल त्यात लिहिलेले बरोबर आहे. एका वाक्याला मात्र आमची ठाम हरकत आहे. ते असे, की गाडी मिसिंग करत असेल (एखादा सिलिंडर पेटायचे चुकवून झटके देत असेल) आणि कम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये भरणारा हवेचा दाब) १५० पीएसआयच्या खाली आले असेल, तर हाफ इंजिनचे काम काढावे. या नियमावर विसंबून हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरते, रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) बदलतात, व्हॉल्व्ह घासले जातात, गाडी जोडून बाहेर पडते आणि कात्रजच्या चढावर पुन्हा तसाच झटका मारते, कारण मूळ दोष एका कॉइलमध्ये (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागात) असतो. शिवाय कंपनीच्या हाताने बसलेले इंजिन एकदा उघडले की ते तसेच्या तसे परत बसेल याची खात्री नसते. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी त्या १५० बद्दल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरमध्ये मुळातच कमी हवा शिरली तर गेजवर दाबही कमी भरणार. मुंबईत १८० पीएसआय दाखवणारे इंजिन घाट चढून आल्यावर १६८ ते १७० दाखवेल आणि त्यात काहीच बिघडलेले नसेल. हा झाला लहान फरक. मोठा फरक मॉडिफिकेशनमुळे पडतो. बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब) वाढवायचा म्हणून कोणी कम्प्रेशनचे गुणोत्तर (हवा किती पट दाबली जाते ते) १०.५ वरून ८.५ वर आणले असेल, तर ठणठणीत इंजिनही १४० किंवा त्याहून कमी दाखवेल. जास्त ड्युरेशनची, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी कॅम बसवली असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. स्टार्टरवर इंजिन जेमतेम २०० ते २५० आरपीएमने फिरते. इतक्या संथ गतीत पिस्टन वर येताना आत आलेली हवा उघड्या व्हॉल्व्हमधून परत ढकलली जाते. तीच कॅम ६००० आरपीएमला सिलिंडर गच्च भरते, पण गेजला ते दिसत नाही.

त्यामुळे आकडा एकटा वाचू नये, शेजारच्या सिलिंडरबरोबर वाचावा. १३८, १४०, १३६, १३९ हे चार आकडे ८.५ गुणोत्तराच्या निरोगी इंजिनाचे आहेत. १७८, १७५, १३२, १७६ हे आजारी इंजिनाचे आहेत, सरासरी कितीही चांगली दिसो. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर दोष पक्का धरावा. बूस्ट वाढवलेल्या इंजिनाला आम्ही १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

आता मिसिंगकडे. सिलिंडर पेटायला दाबलेली हवा, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि वेळेवर जोरदार ठिणगी लागते. या तिन्हींत ठिणगी सर्वांत आधी कमी पडते आणि तिची तपासणीही सर्वांत सोपी असते. म्हणून पाना हातात घेण्याआधी स्कॅनर लावावा. स्कॅनरवर पी ०३०० हा कोड म्हणजे मिसिंग एका ठरलेल्या नव्हे, कुठल्याही सिलिंडरवर होते आहे; पी ०३०१ ते पी ०३०४ यांत शेवटचा आकडा सिलिंडरचा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, कूलंटचे तापमान आणि फ्युएल ट्रिम (इंजिनच्या संगणकाने पेट्रोलात केलेली वाढ-घट). अर्धे निदान त्यातच असते, आणि घाईघाईने कोड पुसला की तेच हातचे जाते.

हेही ध्यानात ठेवावे, की ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) मिसिंग थेट दिसत नाही. क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) गती प्रत्येक पॉवर स्ट्रोकनंतर किती वाढली यावरून ते अंदाज बांधते. हलके फ्लायव्हील बसवले आणि ईसीयूला क्रँकची गती नव्याने शिकवून (अडॅप्टेशन) घेतली नाही, किंवा आयडलला (पेडल न देता) इंजिन डुलवणारी कॅम टाकली, तर इंजिन नीट पेटत असतानाही कोड पडू शकतो. खडबडीत रस्त्यावर चाकांकडून येणारे हादरेही कधी कधी मोजणीत शिरतात. अशा गाडीत कोडवर भरवसा ठेवण्याआधी झटका खरोखर जाणवतो का, हे पाहावे.

झटका कधी येतो हे विचारण्यात दोन मिनिटे जातात आणि दोन दिवस वाचतात. आयडलला गाडी गुळगुळीत, पण चौथ्या गिअरमध्ये ३००० ते ४५०० आरपीएमवर पूर्ण पेडल दिल्यावर अडखळते: आधी प्लग आणि कॉइल. सकाळी पहिल्या मिनिटात थरथरते आणि मग सुधारते: डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर साठलेला कार्बन, ठिबकणारा इंजेक्टर, किंवा रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपलेले कूलंट, या शेवटच्या शक्यतेत कूलंटची पातळीही हळूहळू घटत असते. गरम झाल्यावर आयडलला मिसिंग: व्हॉल्व्हचे क्लिअरन्स किंवा हवेची गळती. फक्त ६००० च्या वर: व्हॉल्व्ह स्प्रिंग थकलेल्या किंवा पेट्रोलचा दाब पडतो आहे. सदासर्वकाळ, थंड-गरम, हलक्या-जड अशा प्रत्येक अवस्थेत एकच सिलिंडर मेलेला: इथे मात्र कम्प्रेशनचे गेज लवकर काढावे.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर द्रुतगती मार्गावर ‘पुढच्या टोलपर्यंत जाऊ’ म्हणू नये. पेडल सोडा, कडेला घ्या. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली जाळी वितळते. मग मिसिंग दुरुस्त झाल्यावरही गाडीला पिकअप येत नाही, कारण धूर बाहेर पडायला वाट उरलेली नसते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून २५०० आरपीएमला ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला, तर कन्व्हर्टर चोंदला आहे असे समजावे.

ठिणगीबद्दल थोडे खोलात जायला हवे, कारण मॅप केलेल्या (ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) टर्बो गाड्यांची बहुतेक मिसिंग इथे सुटते. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितके प्लगच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. आयडलला १० ते १२ हजार व्होल्ट पुरतात. पूर्ण बूस्टला तेच २५ ते ३० हजारांवर जाते. कॉइल जुनी असेल तर ती तिथे कमी पडते, किंवा ठिणगी फटीऐवजी सोपी वाट शोधते, म्हणजे प्लगच्या चिनीमातीवरून खाली उतरते. प्लग काढून त्या पांढऱ्या भागावर पाहा. उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळाली आहे. प्लगबरोबर त्यावर बसणारे कॉइलचे रबरी बूटही बदला, कारण तसाच माग बुटाच्या आतल्या बाजूलाही उमटलेला असतो आणि नवा प्लग चार दिवसांत तसाच होतो. प्लगला पाना बसतो त्या षटकोनाच्या लगेच वर दिसणारे तपकिरी वर्तुळ मात्र निरुपद्रवी असते. प्लगमधून गॅस गळतो आहे असे समजून अनेक चांगले प्लग त्या डागामुळे फेकले जातात.

फट मोजताना कंपनीचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, तो कंपनीच्या बूस्टसाठी असतो. टर्बो गाडीत तो सहसा ०.७ ते ०.८ मिमी असतो. मॅप करून बूस्ट वाढवल्यावर ०.६ ते ०.६५ मिमी ठेवावी. ०.५ च्या खाली गेलात तर आयडल खराब होतो, कारण ज्योतीचा पहिला ठिपकाच लहान पडतो. इरिडियम प्लगमध्ये मधला तारेसारखा इलेक्ट्रोड नाजूक असतो. नाण्यासारखे गेज फटीत घालून पिळू नका. तारेचे गेज वापरा आणि फक्त बाहेरची पट्टी वाकवा. ताकद बरीच वाढवली असेल तर एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर काढणारा प्लग घ्यावा. इथे गोंधळ होतो: एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलटे. प्लग कसताना १४ मिमीच्या आट्याला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, आणि आटे कोरडे. अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावून तेवढाच टॉर्क दिला तर ॲल्युमिनियम हेडचे आटे ताणले जातात.

कॉइल, प्लग आणि इंजेक्टर यांपैकी दोषी कोण, हे एका फेरीत कळते. समजा तिसरा सिलिंडर मिसिंग करतो. तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावा, तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावा, इंजेक्टर जागेवर राहू द्या. कोड पुसून गाडी त्याच लोडवर चालवा. मिसिंग पहिल्यावर गेली तर कॉइल, दुसऱ्यावर गेली तर प्लग, तिसऱ्यावरच राहिली तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कम्प्रेशन. फेरी मारताना लोड सारखाच हवा. झटका पूर्ण बूस्टला येत असेल आणि तुम्ही गाडी गल्लीतून फिरवून आणलीत, तर मिसिंग ‘गेली’ असे वाटेल आणि संध्याकाळी गाडी परत येईल.

हवा आणि पेट्रोल यांचे चित्र फ्युएल ट्रिमवरून मिळते. आयडलला ट्रिम १५-२० टक्के अधिक आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे इनटेकमध्ये हवा गळते आहे: ब्रीदरचा पडदा, ऑइल फिलरचे झाकण, मॅनिफोल्डचे गॅस्केट. लोड वाढेल तशी ट्रिमही वाढते, म्हणजे पेट्रोल कमी पडते किंवा हवामापक कमी मोजतो आहे. मॉडिफाय केलेल्या गाडीत इंटरकूलरचे पाइप आणि क्लॅम्प हा वेगळाच विषय. टर्बोच्या तोंडाला बूच लावून रेग्युलेटरने १ बार हवा भरा आणि साबणाचे पाणी फिरवा, फुगे येतील तिथे गळती.

ई२० चाही, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही इथे संबंध आहे. पूर्ण ज्वलनासाठी ई१० ला हवा-पेट्रोलचे गुणोत्तर सुमारे १४.१ लागते, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास ४ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पण पूर्ण पेडलला अनेक इंजिने ठरलेल्या तक्त्यावर चालतात, आणि तो तक्ता जुन्या पेट्रोलवर बसवलेला असेल तर मिश्रण लीन जाते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. मॅप केलेल्या गाडीचा लॉग घेताना बूस्टखालचा लॅम्डा (पूर्ण ज्वलनाच्या गुणोत्तराशी मोजलेले मिश्रण; १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८ ते ०.८५ च्या पट्ट्यात आहे ना, आणि कुठल्या सिलिंडरच्या ठिणगीचे टायमिंग नॉकमुळे (मिश्रणाच्या अवेळी स्फोटामुळे) सतत ३ अंशांपेक्षा जास्त मागे ओढले जात नाही ना, हे पाहावे. तसे होत असेल आणि गाडी अजून मिसिंग करत नसेल, तरी नुकसानाची सुरुवात झाली आहे.

एवढे सगळे ठीक निघाले तर कम्प्रेशन. ही तपासणी जशी घेतली जाते तसाच आकडा येतो, म्हणून पद्धतीवर जोर देतो.

इंजिन चालवून गरम करा, मग हेड हाताला सोसवेल इतपत निवू द्या. तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे निघून येतात. प्लगच्या खड्ड्यांत हवेचा झोत मारा, नाहीतर तिथली वाळू सिलिंडरमध्ये पडते. सगळे प्लग काढा, एकच नव्हे. गाडीतल्या फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा, कॉइलचेही. पेट्रोल चालू राहिले तर ते बोअरवरचे तेल धुऊन काढते आणि चांगल्या रिंगाही गळक्या वाटतात. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा हवा. ड्राइव्ह-बाय-वायर गाडीत (जिथे थ्रॉटल केबलऐवजी मोटर उघडते) पेडल दाबून स्टार्टर मारला तर फडकी उघडेलच असे नाही. पाइप काढून डोळ्यांनी पाहा. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, नाहीतर पहिला सिलिंडर आणि चौथा सिलिंडर यांत बॅटरी उतरल्याचाच फरक दिसेल.

गेजबद्दल तर बोललेच पाहिजे. नळीचा व्हॉल्व्ह प्लगच्या बाजूच्या टोकाला हवा. तो गेजच्या बाजूला असेल तर नळीतली सगळी पोकळी सिलिंडरमध्ये मिळवली जाते. ३०० सीसीच्या एका सिलिंडरला ११ गुणोत्तर असेल तर वरची मोकळी जागा फक्त ३० सीसी असते. नळीने त्यात ५ सीसी घातले की गुणोत्तर ११ वरून ९.६ वर उतरते. चारही सिलिंडर सारखे कमी भरतात आणि ‘इंजिन थकले’ असा निकाल लागतो. त्या टोकाला हलक्या स्प्रिंगचा, कम्प्रेशन गेजसाठीच बनवलेला व्हॉल्व्ह असतो. तो खराब झाला म्हणून टायरचा साधा व्हॉल्व्ह बसवला तरी आकडा खाली येतो. हाताने दाबून धरायचे रबरी शंकूचे गेज खोल प्लगच्या आताच्या इंजिनांना वापरूच नये.

प्रत्येक सिलिंडरला सारखेच, सहा फेरे (सहा कम्प्रेशन स्ट्रोक) द्या आणि पहिल्या फेऱ्याचा आकडाही लिहा. निरोगी सिलिंडर पहिल्याच फेऱ्याला अर्ध्याहून बराच वर जातो आणि तीन-चार फेऱ्यांत स्थिरावतो. रिंगा कमजोर असतील तर पहिला फेरा कमी, पण प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा चढत जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिलाही कमी आणि पुढेही फारसा चढत नाही. फक्त शेवटचा आकडा लिहिणारा कारागीर हे सगळे गमावतो. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील तर रिंगांवर संशय सर्वांत शेवटी घ्या. आधी थ्रॉटल, बॅटरी, गेज, आणि मग टायमिंग बेल्टचा किंवा चेनचा दात सुटला आहे का, ते. ॲडजस्टेबल कॅम गिअर असलेल्या इंजिनात तर हे पहिल्यांदा पाहावे. एकमेकांना लागून असलेले दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केटची कड. एखादा शून्य असेल तर वाकलेला व्हॉल्व्ह किंवा भोक पडलेला पिस्टन.

ऑइल घालून दुसऱ्यांदा मोजायची पद्धत सर्वांना माहीत आहे. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल त्या ३० सीसीच्या जागेत स्वतःच जागा व्यापते आणि निरोगी सिलिंडरचाही आकडा २० टक्क्यांच्या आसपास वर नेते. त्यामुळे लहान इंजिनात ही चाचणी एकाच सिलिंडरवर घेणे फसवे आहे. शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्येही तेवढेच ऑइल घाला आणि दोघांत किती चढले याची तुलना करा.

गळती कुठून आहे हे खरे सांगते ती लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती निसटते ते मोजणे. हेड उतरवण्याआधी ती झालीच पाहिजे असा आमचा आग्रह आहे. पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीवर (सर्वांत वरच्या बिंदूवर) आणा. प्लगच्या भोकात प्लास्टिकची लांब नळी ठेवून पिस्टनचा वरचा बिंदू शोधा, स्क्रू ड्रायव्हर नको. मग १०० पीएसआय हवा सोडा. ७५ मिमी बोअरच्या पिस्टनवर तेव्हा ३०० किलोहून जास्त जोर येतो. पिस्टन टीडीसीपासून थोडा जरी सरकलेला असला तर क्रँक झटक्याने फिरते, म्हणून क्रँकच्या बोल्टवर पाना तसाच लावून ठेवू नये, आणि हात बेल्टपासून दूर ठेवावेत. टेस्टरचे दुसरे गेज (सिलिंडरमध्ये टिकलेला दाब दाखवणारे) ८८ दाखवत असेल तर गळती १२ टक्के. १० टक्क्यांपर्यंत उत्तम, २० पर्यंत चालेल, ३० च्या वर काम काढावे लागेल. दोन वेगळ्या गॅरेजमधल्या टेस्टरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, कारण आतल्या छिद्राचा आकार वेगळा असला की टक्केवारी बदलते.

टक्केवारीपेक्षा फुसफुस कुठून येते ते महत्त्वाचे. थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे आले किंवा शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर गॅस्केट. ऑइल फिलरमधून आली तर रिंगा किंवा पिस्टन. मात्र तिथे थोडी हवा प्रत्येक इंजिनात येतेच. व्हॉल्व्हमधून गळती दिसली तर लगेच हेड खोलू नका. सीटवर कार्बनचा कण अडकलेला असू शकतो, इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा घ्या. टॅपेट सेटिंगच्या इंजिनात फीलर गेज लावून क्लिअरन्स पाहा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो तसे क्लिअरन्स घटते, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि शेवटी जळतो. वेळेत सापडले तर शिम (क्लिअरन्स ठरवणारी चकती) बदलून काम भागते. फोर्ज (घडाई केलेले) पिस्टन टाकलेले असतील तर थंड इंजिनावर जास्त गळती दिसणारच, कारण तो धातू तापल्यावर जास्त फुगतो म्हणून बोअरमध्ये मुद्दाम जास्त जागा सोडलेली असते. नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या रिंगाही लगेच बसत नाहीत. निकाल पहिल्या ५०० ते १००० किमीनंतर लावावा.

एकाच सिलिंडरची गळती ४०-५० टक्के, हवा ऑइल फिलरमधून जोरात, ऑइल घालूनही आकडा फारसा चढत नाही, इंटरकूलरच्या पाइपात ऑइल, आणि प्लगच्या टोकावर चंदेरी बारीक कण: हे सगळे जमले तर दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटली आहे. एंडोस्कोप घालून बोअरवर उभे ओरखडे आहेत का ते पाहा. ते दिसले तर मात्र इंजिन उघडायलाच हवे आणि नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. गॅस्केटचा दोष निघाला तर हेडची सपाटी सरळ पट्टी आणि ०.०५ मिमीच्या फीलरने तपासावी. पाते कुठेही आत शिरले तर हेड मशीनवर सपाट करून घ्या, आणि ताणले जाणारे हेड बोल्ट पुन्हा वापरू नका.

पिस्टनची कड तुटते ती बहुधा उंच आरपीएमवर नाही. डायरेक्ट इंजेक्शनची लहान टर्बो इंजिने २००० आरपीएमच्या आसपास, वरच्या गिअरमध्ये, चढावर पूर्ण पेडल दिल्यावर ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतात. तो एकच धक्का पुरतो. स्टेज वनचा (पहिल्या पायरीचा) मॅप नेमका याच पट्ट्यात टॉर्क वाढवतो. म्हणून कात्रज, खंबाटकी किंवा बोरघाटात गिअर खाली घ्या आणि इंजिन २५०० च्या वर ठेवून मग पेडल द्या. ऑइल एपीआय एसपी दर्जाचे घ्या. त्याची चाचणीच या दोषासाठीही झालेली असते. दुसरे कारण रिंगांच्या टोकांमधली फट. ७५ मिमी बोअरला टर्बोशिवाय ०.३० मिमी ठीक, बूस्ट वाढवलेल्या इंजिनाला ०.४० ते ०.४५ लागते. ती कमी राहिली तर तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये अडकते आणि पिस्टनची कड ओढून नेते. नव्या रिंगा पाकिटातून काढून तशाच चढवल्या तर हाफ इंजिनचे काम करून घेतलेली गाडी पुन्हा त्याच जागी येते.

आमची विनंती अशी की पुरवणीत १५० चा नियम मागे घेतल्याचे छापावे. वाचकांनीही गाडी देताना जॉब कार्डवर एवढे लिहून मागावे: प्रत्येक सिलिंडरचा पहिला आणि सहावा फेरा, तपासणीच्या वेळचे बॅटरीचे व्होल्टेज, थ्रॉटल उघडा होता की नाही, लीक-डाउनची टक्केवारी, आणि फुसफुस कुठून आली. एवढे कागदावर नसेल तर हेड उतरवायला परवानगी देऊ नये.

कळावे.

आपले,
इंजिन दुरुस्ती आणि ट्यूनिंगचे काम करणारे काही कारागीर,
पुणे